हातगाडीची वाट

बौद्धवाडी, शेणवा, ता. शहापूर
रविवार, १९ जानेवारी २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. ताईस,
महेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी आत्ता आपल्या नव्या घराच्या जोत्यावर पाय खाली सोडून बसलो आहे. मांडीवर फळकूट आणि फळकुटावर वही. राघो मिस्त्री जेवायला गेले आहेत. ते यायच्या आत पत्र संपवायचं आहे, नाहीतर विचारतील की मापं लिहितोस की प्रेमपत्र.

पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू रडतेस, तुझं ऐकून आई रडते आणि मला विचारायचं ते राहून जातं. शिवाय तुझ्या उजव्या मनगटाला व्यायाम म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलं आहे, असं आत्या म्हणाली. बाराखडी गिरवण्यापेक्षा मला लिही.

जुनं घर पूर्ण उतरवलं. माळाही गेला. ज्या शिडीवरून तू भाताचं पोतं उतरवताना पडलीस, तिचे बांबू लोकांनी मांडवाला मागितले तरी बाबांनी कुणाला दिले नाहीत. एकेक तोडून आंघोळीच्या पाण्याखाली जाळले.

नव्या भिंती खिडकीच्या वर आल्या आहेत. जोता मात्र बाबांनी मिस्त्रींचं न ऐकता अडीच फूट उचलला. मिस्त्री दीड सांगत होते. वरच्या आळीचं पाणी दर पावसाळ्यात आपल्या उंबऱ्यातून आत यायचं, हे एक कारण. दुसरं त्यांनी शेजारच्या चांगोकाकांना सांगितलं, मी ऐकलं. जल्मभर दुसऱ्याच्या घराच्या इटा पाडल्या, आता माझं घर रस्त्यावरून मान वर करून बघायला लागलं पायजे, असं म्हणाले.

त्यामुळे समोर चार पायऱ्या आल्या. त्या बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग उपाय सापडला. घरामागे टेकाडाची जमीन उंच आहे, तिथे जोता जमिनीपासून जेमतेम सात इंच वर राहतो. मोरीशेजारी मागचं दार आहे, त्याला सात फुटांचा उतार करतो. बाजूच्या बोळातून आलीस की थेट आत, कुणाचा हात नको.

बुद्धपौर्णिमेला घरात जायचं ठरलं आहे. तोवर तू यावीस. पाहुणी म्हणून नको, राहायला ये. आत्याकडे तुला काही कमी नाही हे मला माहीत आहे. पण तुझी पेटी अजून इथेच आहे आणि तिच्यावर दुसरं काही ठेवू देत नाही आई.

खुर्चीची रुंदी कळव. आत्याला जयभीम. माझ्यावरची माया एक सूतभरही कमी करू नकोस.

तुझा
महेंद्र


मुरबाड
सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. महेंद्रास,
ताईचे आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पावलं. पाकिटावरचं अक्षर बघून आत्याने आधी विचारलं की कोर्टाचं आलंय का. माझं अक्षर बघ, सगळ्या ओळी डोंगर चढतात. मनगट वळतच नाही.

खुर्ची पंचवीस इंच आहे. पण तू खुर्चीचं माप मागितलंस, माझं नाही मागितलंस. चाकं फिरवताना माझे दोन्ही हात बाहेर असतात. आत्याच्या दारातून जाताना बोटं चौकटीला घासतात, चार बोटांची सालं निघाली आहेत. म्हणून दार चांगलं तीन फूट मोकळं पाहिजे आणि त्याला उंबरा नको. आईला सांग, उंबरा नसला तर लक्ष्मी अडखळत नाही, असं आत्याचं म्हणणं आहे.

संडासाचं दार बाहेर उघडू दे. आत उघडणारं असलं आणि मी आत पडले, तर दार मलाच अडून बसेल. तुम्ही बाहेरून नुसत्या हाका माराल. स्वयंपाकाचा ओटा इतका खाली घे की मला पातेल्याच्या आत दिसेल, आणि खाली माझे गुडघे जातील एवढी जागा मोकळी ठेव. इथे भात शिजला की नाही ते मी वासावर ओळखते. आरसा लावशील तोही खाली लाव. दोन वर्षं मी आरशात माझं कपाळ तेवढं बघते आहे. त्यावर टिकली लावून बाकीचं सगळं ठीक असेल असं समजते.

बाबांचे गुडघे कसे आहेत? विटांच्या ट्रकवर चढायचं सोडलं ना त्यांनी?

मागच्या दाराबद्दल नंतर लिहिते. मनगट दुखायला लागलं.

जेवण वेळेवर घे आणि माझी आठवण जेवल्यावर काढ.

तुझी
संघरत्नाताई


शेणवा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सव्वासात

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आत्ताच भिंतींना पाणी मारून बसलो. हात ओले होते म्हणून पहिल्या ओळीवर डाग पडला, तो आसवांचा समजू नकोस.

तू लिहिलेलं सगळं केलं. पुढची-मागची दोन्ही दारं तीन फूट मोकळी ठेवली. मिस्त्रींनी विचारलं की आतून वरात काढायची आहे काय. संडासाचं दार बाहेर उघडतं. ओटा खाली घेतला, तर आई कमरेत वाकून उभी राहिली आणि म्हणाली की आता मी मोडायची. मग ओट्याचे दोन भाग केले, एक तिचा आणि एक तुझा. आता म्हणते की संघरत्ना आली की मी पण स्टूल घेऊन तिच्याच बाजूला बसेन. उंबरा नाही.

मागचा उतारही झाला. मी तो इतका घोटला की त्यात तोंड दिसेल. पण परवा आई खरकटी भांडी घेऊन त्यावरून उतरली आणि भांडी एकीकडे, आई एकीकडे. लागलं काही नाही. तिथेच बसल्या बसल्या तिने विचारलं की हे लेकीला आणायला केलंस की मला पाठवायला. आता छिन्नीने टाकी लावून खरबरीत करतो. गुळगुळीत म्हणजे चांगलं, असं मी धरून चाललो होतो.

एक विचारायचं आहे. आपल्याकडे नव्या घरात पहिलं पाणी लेकीने न्यायचं असतं, कळशी भरून, सगळ्यांच्या आधी. आई विचारते आहे, तू नेशील ना? तिला विचारायची भीती वाटते म्हणून मी विचारतो. नाहीतर ती चांगोकाकांच्या आरतीला सांगेल, पण तिच्या मनात तसं नाही.

मागच्या दाराबद्दल तू लिहिणार होतीस.

माझ्या शंकांना कंटाळू नकोस, एवढीच मागणी.

तुझा
महेंद्र


मुरबाड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. महेंद्रास,
आशीर्वाद आणि जयभीम.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. तू रागावशील असं वाटत नाही, पण तू जेवण सोडशील असं वाटतं, म्हणून आधी जेव आणि मग वाच.

भीमाबाई आजी तुला नीट आठवत नसेल, तू फार लहान होतास. ती वरच्या आळीत सारवायला, निवडायला जायची. मजुरी मागच्या दारी मिळायची. ताकही तिथेच, वरून ओतलेलं. एकदा तिने मला बरोबर नेलं. मी खेळत खेळत पुढच्या अंगणातून पळाले, तर तिने माझा दंड असा आवळला आणि ओढत मागे नेलं, की बोटं उठली. कुणी काही बोललं नव्हतं. बोलायच्या आधीच तिने ओढलं. घरी आल्यावर त्याच दंडाला खोबरेल चोळत म्हणाली, तुज्या घराला मागलं दार ठेवू नको गो बाय.

आता आपलं घर पक्कं झालं. रस्त्यावरून मान वर करून बघायचं झालं. आणि त्यात मी मागून, मोरीतून, खरकट्या भांड्यांच्या कडेने येणार. तुझा हेतू मला कळतो, म्हणून तर लिहायला इतके दिवस लागले. मागचं दार असू दे, धुण्याला लागेल. पण माझं दार म्हणून ते नको.

नुसत्या मनाचा प्रश्न नाही. पुढे कुणी हाक मारली, तर मी बोळ फिरून पुढे येईपर्यंत माणूस घरी पोचलेलं असेल. तुम्ही शेतावर गेलात की मी पुढच्या ओट्यावर नुसती दिसायची. कोंबडी वाळवणात शिरली तर तोंडाने हाकलायची. त्यापेक्षा इथे बरी आहे. आत्याच्या दारात पायरी नाही, फॉल-पिकोचं काम मिळतं, बाजारातल्या बायका बसायला येतात.

पाण्याला आरतीला सांग. ती सरळ चालते, सांडणार नाही.

तुझ्यावर रुसलेले नाही. तसं असतं तर पान भरलं नसतं.

तुझी
ताई


शेणवा
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सहा

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चूल पेटायची आहे आणि मी अंगणात टेप लावून बसलो आहे. जेवतो आहे, काळजी करू नकोस.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. आजीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या दाराला हातही लावला नसता.

पुढून कसं करता येईल त्याची मापं काढली. जोता तीस इंच आहे. तुला एकटीला चढता येईल असा उतार करायचा, तर इंचाला एक फूट धरून तीस फूट लांबी हवी. अंगण रस्त्यापर्यंत सोळा फूट आहे. सोळा फुटांत केला तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते. मिस्त्री म्हणाले की एवढं उभं ठेवलंस तर ताई वर यायची नाय, तूच खाली जाशील.

मग मी बाबांना विचारलं की अजून वरचा गिलावा व्हायचा आहे, पुढच्या खोलीचा जोता तेवढा फोडून फूटभर खाली घेऊ का. त्यांच्या हातात घमेलं होतं. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं, हात धुतले, चपला घातल्या. जोता खाली यायचा नाय, एवढंच म्हणाले आणि सापगावच्या बाजूला त्यांची ती जुनी वीटभट्टी आहे तिथे गेले. अजून आलेले नाहीत. शेठने राखणीला ठेवून घेतलं आहे म्हणे. आई म्हणते की गुडघे दुखले की येतील. मला तसं वाटत नाही.

आता एकच सुचतं. मी, वाडीतला अमित, चांगोकाकांचा सतीश आणि अजून एकजण, असे चौघे तुला खुर्चीसकट उचलून वर घेऊ. तू हलकी आहेस. रोज कुणीतरी असतंच.

काय ते कळव. उत्तर येईपर्यंत मी दुसरं काही मोजणार नाही. लोभाला मात्र माप लावू नकोस.

तुझा
महेंद्र


मुरबाड
रविवार, २ मार्च २०२५

चि. महेंद्रास,
आशीर्वाद आणि जयभीम.

बाबांशी भांडू नकोस. ते चपला घालून गेले म्हणजे रागाने गेले नाहीत. रागावले की अनवाणी जातात.

उचलायचं म्हणतोस. गेल्या वर्षी दीप्तीच्या लग्नात मला स्टेजवर उचलून नेलं, तेव्हा तू वाढायला गेला होतास म्हणून तुला माहीत नाही. चौघे चार तालांत चालत होते. माझी साडी चाकात अडकून वर गेली आणि ती खाली ओढायला हात सोडावा तर मी पडणार. मी सगळा वेळ वरच्या पंख्याकडे बघत राहिले. खाली उतरवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नवरीला वाजवाव्यात तशा. चांगली पोरं होती. पुन्हा नको.

तू दार मोठं केलंस, ओटा केलास, आरसा लावलास, तेवढं खूप झालं. मी पौर्णिमेला येईन की नाही ते अजून ठरवलं नाही. आले तर दिवसभरासाठी, अंगणात मांडवाखाली बसेन.

काल एक आठवलं, ते लिहिते. मी पाच-सहा वर्षांची असताना आपण सगळे भट्टीवर राहायचो. बाबा खड्ड्यातली माती हातगाडीत भरून वर आणायचे. रिकामी गाडी खाली जाताना मला आत बसवायचे आणि कधी कधी भरलेल्या मातीवरही बसवून वर आणायचे. मला आठवतं की गाडी कधी सरळ वर यायची नाही. खड्ड्याच्या कडेकडेने जायची, मध्ये एका सपाट जागी थांबायची, बाबा तिथे बिडी ओढायचे, आणि मग उलट्या दिशेला वळून वर. मला वाटायचं की मला फिरवायला ते लांबून नेतात.

बाबा भेटले तर विचार, त्यांना ती वाट आठवते का. काही काम नाही, सहज.

आईला सांग की मनगट आता दाराची कडी लावतं.

तुझी
ताई


शेणवा
रविवार, २३ मार्च २०२५, दुपारचे साडेबारा

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आत्ता मी अंगणात चुन्याच्या रेघेवर उभा आहे आणि वही हातगाडीच्या दांड्यावर ठेवून लिहितो आहे. बाबा आंघोळीला गेलेत. हातगाडी कुठून आली, ते सांगतो.

तुझं पत्र घेऊन मी दामूच्या टेम्पोने भट्टीवर गेलो. बाबा पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. मी सगळं पत्र वाचून दाखवलं. लग्नातलं वाचताना ते विटेवर नख ओढत होते. हातगाडीचं आलं तेव्हा म्हणाले की ते परत वाच. परत वाचलं. मग विचारलं की ही बिडीचं पण इसरली नाय का. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी दामूच्या टेम्पोतून बाबा उतरले आणि मागून ही हातगाडी. शेठकडून मागून आणली. घरात न शिरता त्यांनी अंगणात सुतळी आणि खुंट्या घेतल्या. मी अंगण नेहमी रस्त्याकडून दाराकडे, उभं मोजत होतो. बाबांनी ते आडवं धरलं. चांगोकाकांच्या कोपऱ्यातून सुरुवात, रस्त्याच्या कडेने पंधरा फूट, मग सपाट जागा, तिथे वळायचं, आणि परत पंधरा फूट दाराच्या ओट्याशी. तीस फूट झाले, ताई. जोता एक इंच खाली आला नाही.

पण सपाट जागा धरून दोन फूट कमी पडत होते, आणि ते दोन फूट चांगोकाकांच्या हद्दीत. मला वाटलं, संपलं. काका येऊन बघून गेले, तंबाखू मळत उभे राहिले. त्यांची आई राहीआजी दारातून ओरडली की काय चाललंय ते मला पण सांगा, माझे डोळे गेले नायत. तिला सांगितलं. तिने विचारलं की मग मी पण त्यावरून वर येऊन बसू शकेन का, तुमच्या पायऱ्या बघूनच मी माघारी फिरते. काकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले की घ्या, पण सपाट जागेवर म्हातारीला एक कट्टा बांधून द्या, म्हणजे संध्याकाळी माझ्या डोक्याला शांती. तसं ठरलं.

मुरूम टाकून ठोकला आहे. रोज बाबा हातगाडीत विटा भरून ती वर चढवतात आणि जिथे हाताला ओढ लागते तिथे खूण करतात. तेवढा मुरूम कमी करायचा किंवा वाढवायचा. मी लेव्हलची नळी लावतो, ते गाडी लावतात. दोनदा त्यांचं चुकलं, एकदा माझं. वर काँक्रीट टाकू त्यावर ओलं असतानाच खराट्याने आडवे ओरखडे काढायचे, म्हणजे चाक धरेल आणि पाणी उतरेल. घोटाई करायची नाही, असं मला आईने तीनदा बजावलं.

आता तू सांग. यात काय राहिलं? काँक्रीट एकदा टाकलं की टाकलं.

आरतीला पाण्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही, कारण तिचं नाव नाइलाजाने निघालं हे तिला कुठूनतरी कळलं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा आणि मायेत राहू इच्छिणारा,
महेंद्र


मुरबाड
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. महेंद्रास,
आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र आत्याने आधी वाचलं आणि मला न देता पदरात धरून बसली. मग दोघींनी वाचलं. भात करपला. वास आला तरी कुणी उठलं नाही.

काय राहिलं ते लिहिते. उताराला दोन्ही कडांनी चार बोटं उंचीची कड बांध, नाहीतर पुढचं लहान चाक बाहेर जाईल आणि मी चांगोकाकांच्या वांग्यांत. वळायच्या जागी खुर्ची पूर्ण फिरली पाहिजे, पाच फूट इकडे आणि पाच फूट तिकडे, आजीचा कट्टा त्याच्या बाहेर ठेव. एका बाजूला पाइप लाव, दमले तर धरायला. दाराच्या अगदी तोंडाशी उतार संपवू नकोस, तिथे सपाट हवं. दार उघडायला हात सोडला की मी मागे जाईन.

मी इथे रोज आत्याच्या गल्लीतल्या चढावर सराव करते. दळणाचा डबा मांडीवर घेऊन. काल डबा पडला आणि गिरणीवाल्याने विचारलं की पीठ रस्त्याला दळून द्यायचं होतं का.

पाणी मी नेईन. आरतीला म्हणावं, तुझ्या लग्नानंतर तुझ्या घरात तू ने.

मला कुणी ढकलायचं नाही. तू मागे हात पसरून चालशील, ते मला माहीत आहे, ते चालायचं नाही. आणि बाबांनी खाली घ्यायला यायचं नाही. त्यांनी वर, दारात उभं राहायचं.

येते.

तुझी
ताई


शेणवा
मंगळवार, १३ मे २०२५, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे

ती. गुणाबाई आत्यास,
महेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी नव्या घराच्या पुढच्या ओट्यावर बसून चहा पितो आहे आणि ताई आतल्या ओट्यावर, तिच्या भागात, दुसरा चहा करते आहे. पहिल्यात साखर आईने घातली होती म्हणून. तुझी कंबर धरली म्हणून तुला येता आलं नाही, याचं सगळ्यांना वाईट वाटलं. म्हणून कालचं सगळं लिहितो.

परवा संध्याकाळी सगळी तयारी झाली होती. काँक्रीट पिकलं होतं, कड बांधली होती, पाइप लावला होता. राहीआजी आठ दिवसांपासून तिच्या कट्ट्यावर येऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हे माझ्यासाठी केलंय. मी झेंडूची माळ दाराला लावत होतो, तेवढ्यात ठोके ऐकू आले. बाबा घण घेऊन पुढच्या चार पायऱ्या फोडत होते. त्याच पायऱ्या, ज्यांना त्यांनी स्वतः विटा निवडून लावल्या होत्या. मला वाटलं, काहीतरी बिनसलं. मी घण धरला. बाबा म्हणाले, सोड. उद्या पंचवीस-तीस माणसं येणार. ती पायऱ्यांनी भराभरा वर जाणार आणि वर उभी राहून माझ्या पोरीला लांबून येताना बघणार. मला ते नको. एका घराला एकच वाट. मग मीही दुसरा घण घेतला. चांगोकाकांनी डबर उचललं. मिस्त्री आले तेव्हा डोक्याला हात लावून बसले.

काल सकाळी भन्ते आले. वंदनेला थोडा वेळ होता. सगळी माणसं खाली मांडवात थांबली, कारण पाण्याच्या आधी कुणी आत जायचं नसतं. दामूच्या टेम्पोतून ताई उतरली. तू दिलेली तांब्याची कळशी आईने विहिरीवरून भरून आणली. दोन्ही हात चाकांना लागतात, म्हणून ताईने ती मांडीत ठेवली आणि बाबांच्या उपरण्याने पोटाशी बांधून घेतली. मी तिच्या मागे दोन पावलांवर होतो. तिने मागे न बघता सांगितलं की हात पाठीमागे बांध. मी बांधले. सगळा वेळ एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

पहिला टप्पा ती न थांबता गेली. सपाट जागेवर थांबली. राहीआजी कट्ट्यावर होतीच. ताई म्हणाली की इथे बाबा बिडी ओढायचे, आणि आजीने विचारलं की देऊ का. सगळे हसले, आणि त्या हसण्यात तिने खुर्ची वळवली. दुसऱ्या टप्प्यावर मधेच तिचं डावं चाक कडेला लागलं आणि खुर्ची थांबली. ती थोडी मागे सरली. मी पाऊल उचललं होतं, आत्या, खरं सांगतो. वर दारात बाबा उभे होते. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते आणि तसेच राहिले. ते खाली आले नाहीत. तिने सांगितलं होतं ना. नुसते म्हणाले, बाय, कडेनं, कडेनं. ती सरळ झाली आणि वर गेली.

दाराशी पोचल्यावर राहीआजी खालून ओरडली की अगो, तुजा परकर बघ. कळशी कललेली होती आणि निम्मं पाणी तिच्या पायांवरून खाली गेलं होतं. गार विहिरीचं पाणी. तिला पायांत काही कळत नाही, त्यामुळे तिला समजलंच नाही. वाटेभर ओला पट्टा उमटला होता, वळणासकट, कोपऱ्यापासून दारापर्यंत. ताईने तो बघितला. मला वाटलं की आता तिचं तोंड पडेल. ती बाबांना म्हणाली की वाटेनं पण आंघोळ करून घेतली. मग आत गेली आणि उरलेलं पाणी माठात ओतलं. त्यानंतर भन्ते, मग आई, मग सगळे. बाबा सगळ्यांच्या शेवटी आले. बराच वेळ बाहेरच उभे होते आणि ओला पट्टा वाळेपर्यंत त्यावर कुणाला पाय देऊ देत नव्हते. पाहुण्यांना कडेकडेने यायला लावलं.

ताईने रात्री तिची पेटी उघडली. आतले कपडे कुबट झालेत, ते आज उन्हात घातलेत.

मे संपायच्या आत डोंबिवलीहून येणारं फॉलचं काम इकडे पाठव, असं ती सांगते. मशीन दामू आणेल. कंबरेला शेक घे. तू ताईला दोन वर्षं सांभाळलंस, ते या पत्रात मावत नाही. तू फक्त एकदा येऊन बघ, कुणी तुला हात द्यायला येणार नाही.

तू वाटेसाठी दिलेल्या पैशांचा हिशोब मागितला होतास, तो खाली आहे.

तुझा
महेंद्र

सिमेंट, सात गोणी: २,६६० रु.
मुरूम आणि खडी: ३,००० रु.
पाइप, वेल्डिंगसकट: ३,४०० रु.
राघो मिस्त्रींची मजुरी, चार दिवस: ३,६०० रु.
एकूण: १२,६६० रु.
दिले (तुझे पाच हजार धरून): ९,८६० रु.
देणे: मिस्त्रींचे १,८०० रु., वेल्डिंगवाल्याचे १,००० रु.
चांगोकाकांची दोन फूट जागा: पैसे घेत नाहीत.
पायऱ्यांचा खर्च: धरलेला नाही, बाबा धरू देत नाहीत.
तुझे देणे: तांब्याची कळशी, नग एक. ती परत येणार नाही. तिच्याबरोबर आली तीही नाही.